कोंब्यामागून खाडीपार

आमची मुलगी चालायला अशी कधी शिकलीच नाही. एका दुपारी ती स्वयंपाकघराच्या दाराला धरून उभी राहिली आणि थेट पळाली. तेव्हापासून आमच्या घरात दिवसभर दोनच प्रश्न विचारले जातात. एक, ‘कुठे आहे?’ आणि दुसरा, ‘दार कुणी उघडं ठेवलं?’

मी सांगतेय त्या शनिवारी ती सव्वादोन वर्षांची होती. आम्ही कुडाळला राहतो. मी आणि नवरा, दोघंही नोकरीवाले. माझे सासरे तिकडे खाडीकाठच्या गावात असतात. त्या महिन्यात सासूबाई नणंदेच्या बाळंतपणासाठी मुंबईला गेल्या होत्या, आणि सासरे एकटे पडले होते. शुक्रवारी रात्री त्यांचा फोन आला.

“चेडवाक घेवन येवा,” ते म्हणाले. चेडू म्हणजे आमची मुलगी. “घर खावक येता. आणि येताना वालावलीक देवाक नमस्कार करून येवा.”

हे वालावलीचं त्यांनी सांगितलं नसतं, तर माझ्या नवऱ्याच्या चपला वाचल्या असत्या.

वालावलीला लक्ष्मीनारायणाच्या देवळालगत मोठं तळं आहे. काठाला माड आणि पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्या. आम्ही देवासमोर उभे राहिलो, हात जोडले, डोळे मिटले. डोळे किती वेळ मिटलेले होते यावर आमचं अजून एकमत नाही. नवरा म्हणतो तीन सेकंद. मी त्या दिवशी जरा जास्त मागितलं होतं, त्यामुळे मी गप्प बसते. डोळे उघडले तर मध्ये मुलगी नव्हती.

बाहेरून तिचा आवाज आला. “होडी! आई, होडी!”

ती तळ्याच्या पायरीवर बसली होती. देवळाच्या दाराशी काढून ठेवलेल्या चपला तिने फेऱ्या मारमारून तिथपर्यंत आणल्या होत्या आणि एकेक करून पाण्यात सोडत होती. पाच-सहा चपला आधीच निघाल्या होत्या. मुंबईहून आलेल्या एका मावशींची हिरवी सपात त्यांत सगळ्यांत पुढे होती. मी धावत जाऊन मुलीला उचललं, तर ती माझ्या काखेतून ओणवी होऊन त्या हिरव्या चपलेला टाटा करत होती.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण त्या मावशी पायरीवर मटकन बसल्या आणि पोट धरून हसायला लागल्या. “जाऊ दे गं, फिरू दे तिला! माझ्याबरोबर फिरून फिरून कंटाळली होती.” एका गृहस्थांनी कुठूनशी लांब काठी आणली आणि बहुतेक चपला काठाला ओढून दिल्या. राहिली ती नवऱ्याची एक चामड्याची चप्पल. ती होडी नव्हती. ती सरळ खाली गेली होती. तो पँट दुमडून पाण्यात उतरला, पायाने चाचपडत मांडीपर्यंत भिजला, आणि चप्पल घेऊन विजयी मुद्रेने वर आला. मग दोन्ही चपला वाळाव्यात म्हणून त्याने गाडीच्या टपावर ठेवल्या.

पुढच्या वळणावर आम्हाला टपावरून काहीतरी घरंगळल्याचा आवाज आला. तो म्हणाला, नारळाची झावळी असेल. सासऱ्यांच्या अंगणात गाडी थांबेपर्यंत आम्हा दोघांनाही चपलांची आठवण झाली नाही.

सासरे पडवीत उभे होते. त्यांनी मुलाकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. भिजलेली पँट, अनवाणी पाय.

“पेवान इलंस काय रे?” पोहत आलास का, असं त्यांनी विचारलं.

मग नवरा त्यांच्या निळ्या रबरी स्लिपर घालून हिंडला. त्या त्याला दोन बोटं लहान होत्या.

सासऱ्यांबद्दल थोडं सांगायला हवं. त्यांनी चौतीस वर्षं मालवाहू बोटींवर नोकरी केली. निवृत्त होऊन घरी आले ते थेट काजूच्या बागेत शिरले. लग्न होऊन मी या घरात आले त्याला आता सहा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत त्यांना मी पाण्यात पाय घालताना पाहिलं नव्हतं. खाडी घरापासून हाकेच्या अंतरावर, पण ते धक्क्यावर गेले तरी वरच उंडलीच्या झाडाखाली उभे राहत. मला ते सोयीचंच होतं. मी फोंडाघाटची. आमच्याकडे पाणी म्हणजे विहीर, नाहीतर पायाचा घोटा बुडेल एवढा ओहोळ. खाडीचं ते रुंद, गढूळ, सतत कुठेतरी निघालेलं पाणी बघितलं की मी दोन पावलं मागे सरते. घरात आपल्यासारखं आणखी एक माणूस आहे, असं मी मनाशी धरून चालले होते.

रविवारी सकाळी आम्ही सगळे गाडीने धक्क्यावर गेलो. मासे घ्यायचे होते. थंडी सरत आली होती. आंब्याचा मोहोर वाऱ्यावर होता आणि त्यात सुकत घातलेल्या जाळ्यांचा वास मिसळलेला. पलीकडच्या काठाला जाणारी होडी धक्क्याला लागलेली होती. माणसं चढत होती. सासऱ्यांनी मुलीचा हात धरला आणि झाडाखाली उभे राहिले. मी आणि नवरा मासेवालीसमोर बसून सौंदाळे निवडत होतो.

त्या वेळी एक बाई आमच्या शेजारून गेली. तिच्या खांद्याला कापडी पिशवी होती आणि पिशवीतून एका कोंबड्याचं डोकं बाहेर आलं होतं. लालभडक तुरा, रागावलेला डोळा. माझ्या मागून मुलीची किंकाळी आली. “कोंबो!”

मी लक्ष दिलं नाही. ती कोंबड्याला बघून ओरडतेच. कावळ्यालाही ओरडते. सौंदाळे पिशवीत पडले, मी उठले, वळले, आणि झाडाखाली कुणी नव्हतं.

होडी काठापासून चार-पाच हात दूर गेली होती. होडीत ती बाई होती, बाईच्या मांडीवर पिशवी होती, पिशवीसमोर आमची मुलगी होती, आणि मुलीला दोन्ही हातांनी कमरेला धरून, अजून धड न बसलेले, माझे सासरे होते.

नंतर कळलं ते असं. ती हात सोडवून पळाली, फळीवरून होडीत चढली, आणि तिला उचलून आणायला म्हणून सासरे आत उतरले. होडीवाल्याने मागे बघितलंच नाही. दोन माणसं आणखी चढली एवढंच त्याला होडीच्या हेलकाव्यावरून कळलं, आणि त्याने बांबू टेकवून होडी लोटली.

“बाबा!” नवरा त्या लहान स्लिपर फटफटवत धक्क्याच्या टोकापर्यंत धावला. “ओ, थांबवा! होडी फिरवा!”

ओहोटी सुरू झाली होती. होडीवाला ओरडला, “व्हकती लागली हा! आता फिरवलंय तर सगळी चिखलात बसतली! पलीकडे सोडतंय, पुढच्या फेरीक घेवन येतंय!”

“पुढची फेरी कधी?”

“माणसां जमली काय मगे!”

सासऱ्यांनी आमच्याकडे बघून एक हात वर केला. तो ‘काळजी करू नका’ होता की ‘वाचवा’ होता ते इतक्या लांबून समजेना. मुलीचा हात मात्र स्पष्ट होता. “टाटा आई! टाटा बाबा!” काल हिरव्या चपलेला केला होता अगदी तसाच.

मला रडायचं होतं आणि माझं तोंड हसत होतं. अशी अवस्था माझी आधी कधी झाली नव्हती. नवऱ्याने सासऱ्यांना फोन लावला, तर आमच्याच गाडीत समोरच्या खणात तो वाजायला लागला.

पलीकडचा काठ समोर दिसत होता, माणसं ओळखू यावीत एवढा जवळ. गाडीने जायचं तर वरच्या पुलावरून पाऊण तासाचा वळसा. आम्ही निघालो. नवरा गाडी चालवताना सहसा बोलतो. त्या दिवशी तो फक्त हॉर्न वाजवत होता. अर्ध्या वाटेवर मुंबईहून सासूबाईंचा फोन आला. त्याने स्पीकर लावला.

“चेडू खंय आसा?” सासूबाईंनी आमच्या घरातला तो पहिलाच प्रश्न विचारला, ‘कुठे आहे?’

नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. “बाबांबरोबर आसा.”

“आणि बाबा खंय आसत?”

त्याने गिअर बदलला. “चेडवाबरोबर.”

“मगे बरां,” सासूबाई म्हणाल्या. “माका उगाच काळजी वाटत होती. जेवलां काय ता?”

“बाबा बघतत,” तो म्हणाला, आणि त्याने फोन ठेवला. मग आम्ही दोघं इतके हसलो की त्याला गाडी बाजूला घ्यावी लागली. हसता हसता माझ्या डोळ्यांतून खरंच पाणी आलं. त्याने पाठीवर थोपटलं आणि म्हणाला, “बाबा आहेत गं सोबत.” मी म्हटलं, “म्हणून तर. दोघांना सांभाळायला कुणी नाही.”

पलीकडच्या धक्क्यावर पोचलो तेव्हा तिथे एकच माणूस जाळं शिवत बसला होता. नवऱ्याने विचारायच्या आधीच तो म्हणाला, “म्हातारो आणि चेडू मां? ती कोंब्याच्या घराक गेली.” आणि दाभणाने माडांमधली एक पायवाट दाखवली.

कोंब्याचं घर म्हणजे त्या बाईच्या लेकीचं घर. ती लेकीला कोंबडा द्यायला आली होती. अंगणात फणसाच्या बुंध्याला कोंबडा पायाने बांधलेला होता आणि त्याच्या गळ्यात आमच्या मुलीची गुलाबी टोपी अडकवलेली होती. तो अजिबात हलत नव्हता. बाई दारात आली.

“येवा, बसा. तुमीच मां ती? चेडवान तीन घावणे खाल्ल्यान, रसाबरोबर.” मग माझ्याकडे वळून, अगदी मनापासून काळजीने तिने विचारलं, “तुमी तेका जेवक घालीत नाय काय गो?”

घरी हीच मुलगी अर्ध्या पोळीसाठी मला तासभर नाचवते. मी म्हटलं, “घालतो हो, पण खात नाही.” तिचा विश्वास बसला नाही, हे तिने आम्हा दोघांच्या पुढ्यात ठेवलेल्या घावण्यांवरून कळलं. ते खाल्ल्याशिवाय तिने मुलगी कुठे आहे ते सांगितलंच नाही.

“दर्यार गेली,” ती शेवटी म्हणाली. “रापण लागली हा थंय. चेडू काय ऐकना.”

माडांच्या मागे वाळूची टेकाडं, आणि टेकाडं ओलांडली की समुद्र. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं भलंमोठं जाळं. होडीने ते समुद्रात अर्धगोल टाकून येतात आणि मग दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरची माणसं ओढत राहतात, तासन्‌तास. दोन लांब रांगा लागल्या होत्या. म्हातारे, बायका, रविवारी घरी असलेले नोकरदार. मी डाव्या रांगेवरून नजर फिरवली, मग उजव्या.

उजव्या रांगेत मध्यावर माझे सासरे होते. लेंगा गुडघ्यावर खोचलेला, सदरा काढून डोक्याला गुंडाळलेला, दोर काखेत. त्यांच्या पुढ्यात दोन्ही मुठींनी दोर धरून आमची मुलगी. अंगात फक्त चड्डी. सगळे ओढत, तसा दोर मागे येई, आणि ती प्रत्येक वेळी वाळूत फतकल मारून पडे. उठे, परत दोर धरे, परत पडे. पडली की मागचा-पुढचा सगळा गोतावळा मिळून ओरडे, “ऊठ गो बाये!” आणि ती उठे.

पाऊण तास मी गाडीत शब्द जुळवत होते. सासऱ्यांना काय म्हणायचं, तिला काय म्हणायचं, सगळं पाठ होतं. मी तरातरा पाण्याच्या कडेने त्यांच्याकडे निघाले. रांगेतल्या एका आडव्या बांध्याच्या बाईने मला येताना बघितलं. तिने सरळ दोर माझ्या हातात दिला.

“बघतंस काय गो? ओड!”

आणि मी ओढायला लागले. काय करणार? सगळे ओढत असताना एकटीने रागावून उभं राहता येत नाही. दोर ओला आणि खरखरीत होता. पहिल्या दोन ओढींत तळहात भाजल्यासारखे झाले. मग त्या बाईने मला टाच वाळूत कशी रोवायची आणि अंग मागे कसं टाकायचं ते दाखवलं. “हातान नको. वजनान ओड. देवान वजन दिलां हा मां?” दिलेलं होतं. मी ओढलं. मागे नवरा लागला. त्याच्या एका स्लिपरचा पट्टा तुटला, ती त्याने तिथेच भिरकावली. लाट आली, माझ्या साडीच्या निऱ्या भिजल्या, पुढची लाट गुडघ्यापर्यंत आली, आणि मी समुद्रात उभी आहे हे माझ्या लक्षात आलं तेव्हा मी कमरेपर्यंत ओली होते आणि कुणालातरी ओरडून सांगत होते, “ओढा हो, ढिला पडतोय दोर!”

मुलीने मला बघितलं. तिला जराही आश्चर्य वाटलं नाही. “आई, ओड!” तिने हुकूम सोडला.

सासरे मात्र मला बघून थोडे वरमले. “गो, काय करू? चेडू ऐकना,” ते म्हणाले. दम लागला होता, पण थांबायला तयार नव्हते. दोन ओढींनंतर ते पुन्हा बोलले, जरा वेगळ्या आवाजात. “चवतीस वर्सां बोटीर काढलंय. सगळी इंजिनात. खाली, पोटात. बाहेर दर्यो आसा म्हणान लोक सांगत. माका फक्त तेचो आवाज. वर येय, तर बंदर लागलेलां.” त्यांनी दोर पुढच्या मुठीत घेतला. “घराक इल्यार म्हटलंय, आता कशाक? जेका कधी बघूकच नाय तेका आता काय बघूचा. आज पयल्यांदा तेच्यात पाय घातलंय बग.”

मला वाटत होतं त्यांनी पाण्याला विटून पाठ फिरवली होती. सहा वर्षं मी असंच समजत होते. मी रांगेत एक माणूस त्यांच्याकडे सरकले.

मग जाळं आलं. आधी त्याच्या तरंगणाऱ्या बोंडांची रांग दिसली, मग पाण्याचा रंग बदलला, आणि मग सगळं एकदम उकळायला लागलं. बांगडे, तारल्या, दोन मोठ्या मोऱ्या, म्हणजे मुशी, आणि एक रागीट खेकडा. घारी इतक्या खाली आल्या की त्यांची सावली तोंडावर फिरत होती. सगळे एकाच वेळी ओरडत होते. मुलगी जाळ्याच्या कडेला उभी राहून दोन्ही हात वर करून नाचत होती आणि प्रत्येक माशाला एकच नाव देत होती. “कोंबो! कोंबो! पाण्यातलो कोंबो!”

मासे वाळूवर ओतले गेले. रापणीत ज्याने दोराला हात लावला त्याला वाटा मिळतो. रापणकरांतला वयस्क माणूस ढीग घालत येत होता. सासऱ्यांपुढे एक, नवऱ्यापुढे एक, माझ्यापुढे एक. मग तो मुलीसमोर थांबला, तिच्याकडे नीट बघितलं, आणि चार बांगडे तिच्या पायाशी ठेवले.

“हो चेडवाचो वाटो,” तो गंभीरपणे म्हणाला. “सगळ्यांपेक्षा जास्त पडलां ता, पण दोर सोडूक नाय.”

ती खाली बसली. चारही बांगडे तिने एका ओळीत लावले. मग त्यांतला सगळ्यांत लहान उचलून पाण्याकडे पळाली आणि लाटेत टाकून आली. तो परत लाटेबरोबर आला. तिने परत टाकला. तिसऱ्यांदा एक घार खाली आली आणि तिच्या डोळ्यांदेखत तो घेऊन गेली. मला वाटलं आता भोकाड पसरेल. ती वर बघत राहिली, बराच वेळ, मान पार मागे टाकून. मग वाळूत उताणी पडली आणि खदखदून हसली. तिचं बघून मी पडले, आणि मग सासरेही, लेंग्यासकट.

परत जायच्या वेळी सासऱ्यांनी गाडीत बसायला नकार दिला. “मी होडयेन येतंय,” ते म्हणाले. मुलगी त्यांच्या खांद्यावर होती, तेव्हा तिचंही ठरलेलं होतं. नवऱ्याने माझ्याकडे बघितलं, मी साडीतली वाळू झटकत म्हटलं, “मी पण.” तो एका पायात स्लिपर घालून, माशांची पिशवी घेऊन, एकटाच गाडीकडे गेला.

आता भरती होती. होडी माणसं जमायची वाट बघत धक्क्याला उभी होती, आणि माणसं जमता जमत नव्हती. आम्ही बसून राहिलो. मुलीने होडीवाल्याला आपले बांगडे दाखवले. त्याने तिला बांबूला हात लावू दिला. मी होडीची कड धरून बसले होते. भीती वाटत होती, नाही असं नाही. पण मला त्या दिवशी भीतीला वेळ द्यायचा नव्हता. शेवटी सहा माणसं झाली आणि आम्ही निघालो. मधोमध पाणी हिरवंगार होतं, त्यात माड उलटे उभे होते.

आमच्या धक्क्याला पोचलो तर नवरा तिथे आधीच येऊन उभा. इतर सगळे उतरले. मुलगी उतरेना. तिने आडव्या फळीला दोन्ही हातांनी मिठी मारली आणि पाय वर घेतले. मी ओढलं, सासऱ्यांनी समजावलं, नवऱ्याने काठावरून खाऊचं आमिष दाखवलं. “नाय!” ती म्हणाली. एवढा एकच शब्द, पण धक्क्यावरच्या सगळ्या माणसांनी तो ऐकला.

“बसांदे तिका,” होडीवाला म्हणाला. “एक फेरी मारतंय. माका तरी खंय काय काम आसा.”

नवऱ्याने गाडीला कुलूप लावलं. माशांची पिशवी उचलली, दुसरी स्लिपरही काढून धक्क्यावर ठेवली, आणि तो होडीत उतरला. होडी एका बाजूला कलली, मी किंचाळले, मुलीने टाळ्या वाजवल्या.

“खंय जावचा?” होडीवाल्याने बांबू टेकवत विचारलं.

सासरे पुढच्या टोकाला, आम्हा सगळ्यांकडे पाठ करून, मांडी घालून बसले होते.

“खंयच नाय,” ते म्हणाले. “नुसतां फिरव.”